हौदाजवळचा पंजा

बुधवार, २ मे १९७३

गेली सुट्टी. अख्खा मे महिना चुलीत गेला.

मुख्याध्यापकांनी मार्चमध्येच गोड बोलून माझ्याकडून हो म्हणवून घेतलं होतं — "डावरे बाई, शास्त्राच्या तुम्ही. मृगवनातलं शिबिर तुमच्याशिवाय कसं व्हायचं?" मीही एक नंबरची मूर्ख. कुणी चार शब्द बरे बोललं की विरघळते. तोवर मृगवन समितीनं नाव छापूनसुद्धा टाकलं.

मृगवन म्हणजे भिंगारच्या पुढे माळावर तारेनं घेरलेला तुकडा. बाभळी, दोन लिंब, मधे ऑफिसची खोली आणि पाण्याचा हौद. एक काळविटांचा कळप, थोडी चितळं, एक मोर, आणि पिंजऱ्यात एक म्हातारा कोल्हा, तो दिवसभर झोपतो. सकाळी सात ते बारा शिबिर. पोरं भिंगारची आणि थोडी सावेडीची. यंदा दुष्काळ, तेव्हा शिबिर रद्द होईल असं वाटलं होतं. उलट समिती म्हणाली, तेवढीच पोरांना एक वेळ सुकडी मिळेल. ते बरोबर आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार जोडीदाराबद्दल आहे. कोतकर मास्तर! चित्रकलेचे. पन्नाशीला आलेला माणूस, गळ्यात शिट्टी आणि टोपीत मोरपीस खोचून आला. मी लिंबाखाली पानांचे प्रकार शिकवत होते — साधं पान, संयुक्त पान — आणि निम्मी पोरं माझ्याकडे पाठ करून बसलेली, कारण पलीकडे मास्तर वानराची नक्कल करत होते. मी जाऊन म्हटलं, जरा आवाज कमी. तर म्हणतात कसे, "वानराला सांगून बघतो, बाई." पोरं खो-खो हसली. मला हसू आलं नाही.

एकच गोष्ट चांगली. हौदाला लागून एक लहान कुंपण आहे, त्यात दोन हरण्या आणि त्यांची पाडसं वेगळी ठेवलीत. इथे काम करणारी मालनबाई त्याला बाळंतिणीची खोली म्हणते. पोरांनी एका पाडसाचं नाव ठेवलं रेवडी, दुसऱ्याचं बत्ताशी. मी सांगितलं, रानातल्या जनावरांना नावं ठेवायची नसतात. पण निघताना रेवडी स्वतःच्याच पायात अडखळून पडली, तेव्हा माझ्याही तोंडून "अगं रेवडे" असंच आलं.

गुरुवार, ३ मे

खोटारडा माणूस. दुसरा शब्द नाही.

आजचा कार्यक्रम होता "ठसे ओळखा". हौदाभोवती पाणी सांडून चिखल होतो, त्यात जनावरांचे पाय उमटतात, ते बघून कुठला प्राणी ते सांगायचं. कार्यक्रम माझा, कल्पना माझी. आम्ही पोचतो तर गोरक्ष नावाचा पोरगा किंचाळला — "बाई, बिबट्या!" सगळी पोरं धावली. चिखलात ताटलीएवढा पंजा. मग दुसरा. मग तिसरा. पोरांचे डोळे हे एवढे मोठे झाले.

मी खाली बसून पाहिलं. तिन्ही पंजे अगदी एकसारखे! डावा नाही, उजवा नाही, पुढचा नाही, मागचा नाही. तीन पावलं चालून बिबट्या हवेत उडून गेलेला. मान वर केली तर कोतकर मास्तर बाभळीकडे बघत उभे.

त्यांच्या पिशवीतून ठसा निघाला. सागवानी, मागे धरायला मूठ. स्वतः कोरलेला. मान्य करते, काम सुरेख आहे. तरुणपणी ते सर्कशीचे बोर्ड रंगवायचे, तेव्हा तिथल्या बिबट्याचा पंजा मातीवर बघून माप घेतलं होतं म्हणे. मला हे अभिमानानं सांगत होते!

"पोरांना तुम्ही खोटं दाखवता?" मी विचारलं.

"बाई, इथं बिबट्या आणू कुठनं? जरा गंमत."

"गंमत तुमची. शास्त्र माझं. आणा इकडे."

ठसा घेतला आणि ऑफिसातल्या माझ्या पेटीत कुलूप लावून ठेवला. किल्ली कमरेला. मास्तर भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ठेवा. पण कालपर्यंत यातल्या एकानंही वाकून जमिनीकडे पाहिलं नव्हतं." हे वाक्य दिवसभर डोक्यात घुमतंय, त्याचाही राग येतोय.

पोरांना गोळा करून खरं काय ते सांगितलं. वाटलं होतं, मास्तरांवर रुसतील. सुरय्या — तिसरीतली, कायम पुढे बसणारी — माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही कशाला सांगितलं?"

शुक्रवार, ४ मे

पोरं माझ्याशी बोलत नाहीत. मास्तरांच्या मागे मागे. मास्तर त्यांना कागदी मुखवटे करायला शिकवत होते, आणि एका मुखवट्याला माझ्यासारखा चष्मा आणि अंबाडा होता. 

शनिवार, ५ मे

हद्द झाली!

हौदाजवळ आज पुन्हा पंजा. या खेपेला लहान, आणि — नखांसकट. चार बोटं, चार नखं, स्पष्ट. म्हणजे एक ठसा मी घेतला तर या माणसानं दुसरा कोरला. आणि कोरला तोही चुकीचा. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो हे मी पोरांना परवाच सांगितलंय. खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं.

मी पोचेपर्यंत मास्तरांनी पोरांकडून त्या पंजात प्लास्टर ओतून घेतलं होतं. पांढरा साचा गोरक्षच्या हातात. त्याच्या हातातून घेतला आणि हौदाच्या काठावर आपटला. दोन तुकडे झाले. 

मास्तर म्हणाले, "बाई, हा माझा नाही."

"मग कुणाचा? बिबट्यानं नखं वाढवली?"

"मला माहीत नाही कुणाचा. पण माझा नाही. नखं मी कशी काढीन?"

मला त्या क्षणी तो चेहरासुद्धा बघवेना. खराटा घेतला आणि सगळा चिखल झाडून सपाट केला. मालनबाई सुकडी हलवत बसली होती, तिथूनच ओरडली, "कुत्रं आसंल, बाई. कशापायी जीव आटवताय?" तिला म्हटलं, कुत्र्याला चित्रकला येत नाही. तिला ते कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही.

रविवार, ६ मे

आई म्हणाली, "त्या मास्तरावर एवढी का चिडतेस? पोरं त्याच्याकडे जातात म्हणून का?"

जेवले नाही.

सोमवार, ७ मे

आज पुन्हा पंजे. नखांसकट. हौदापासून थेट बाळंतिणीच्या खोलीच्या जाळीपर्यंत. आणि नवीन करामत — जाळीच्या खालची माती उकरलेली, पाडस बाहेर येईल एवढं भगदाड. जाळी खालून गंजलीय, तिथे ती वर वाकवलेली. गोरक्ष मला हात धरून दाखवायला घेऊन गेला. तळपायाची आग मस्तकात गेली. आता हा माणूस नाटकासाठी कुंपणही खणणार? उद्या पाडसं बाहेर पडली म्हणजे?

पुन्हा खराटा फिरवला. दोन विटा आणून भगदाडात कोंबल्या आणि तिथून तडक निमसे वकिलांकडे. ते मृगवन समितीचे अध्यक्ष. त्यांच्या ओसरीवर समितीचे आणखी दोघे बसले होते, बरंच झालं. सगळं सांगितलं. ठसे बनावट आहेत, आधीचा ठसा माझ्या ताब्यात आहे, आता दुसरा केलाय, आणि जाळीचं नुकसान.

निमसे वकील हसले. म्हणाले, "डावरे बाई म्हणतात म्हणजे तसंच असणार. माझं घड्याळ चुकतंय असं त्या म्हणाल्या तर मी घड्याळ फेकून देईन."

कोतकर मास्तरांना शिबिरातून मोकळं केलं. बारा वाजता त्यांनी पोरांना सांगितलं, घरी पाहुणे येणारेत, आता येता येणार नाही. निदान हे खोटं तरी माझ्या बाजूनं होतं. टोपीतलं मोरपीस काढून त्यांनी सुरय्याला दिलं. जाताना माझ्यापाशी थांबले. "बाई, ती जाळी तेवढी नीट बघून घ्या."

बघते म्हटलं. बघितलं नाही.

मंगळवार, ८ मे

आज एकही पंजा नाही. सिद्ध झालं! मास्तर गेले, पंजे गेले. पोरांना हे तर्कशास्त्र समजावलं. एकानंही मान हलवली नाही.

टँकर आला नाही. हौद कोरडा, चिखल वाळून भेगाळलेला. मालनबाईनं हरणांना घागरीनं पाणी घातलं. मुखवट्यांचा तास मी घेतला. मी केलेलं हरीण बघून गोरक्षनं विचारलं, "बाई, ही म्हैस का?"

बुधवार, ९ मे

टँकर आला. हौद भरला. रेवडी आज पहिल्यांदा तिच्या आईसारखी चारी पाय उचलून उडाली. पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि सुरय्या विसरून माझ्याशी बोलली. एक वाक्य. पुरे झालं.

गुरुवार, १० मे

रेवडी गेली.

मालनबाई फाटकातच उभी होती. "बाई, पोरास्नी आत सोडू नका." तिचा पदर तोंडावर. विटा बाजूला सरकवलेल्या. भगदाड मोठं झालेलं. आत तिची आई जाळीला अंग घासत इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाहेर मातीत ओढल्याची रेघ, बाभळीपर्यंत. तिथून पुढे मी गेले नाही.

आणि चिखलभर पंजे. नखांसकट.

ऑफिसात जाऊन पेटी उघडली. सागवानी ठसा होता तिथे होता. मग पट्टी घेऊन चिखलात बसले. हे पाच दिवसांपूर्वी करायला हवं होतं. पुढचा पाय मोठा, मागचा लहान. डावा वेगळा, उजवा वेगळा. एक पाऊल खोल, एक उथळ. काठाशी येऊन पाणी प्यायचं, मग जाळीकडे वळायचं, मग परत. पंजा आमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या दीडपट, आणि चाल अशी सरळ की दोरी लावून घ्यावी. लांडगा. आजूबाजूच्या माळावर पाण्याचा थेंब नाही, धनगरांची मेंढरं पाण्यामागे खाली गेलीत. मग तो येणार कुठे? या हौदावर. ओलं असलं की पाय उमटले, वाळलं की नाही उमटले. याला मी तर्कशास्त्र म्हटलं. शास्त्र शिकवते मी!

कोतकरांवर चिडायला आज मला कोतकर हवे होते. नव्हते. मग ती आग ज्या बाईनं दोनदा खराटा फिरवला, साचा फोडला आणि भगदाडात दोन विटा कोंबून पाठ फिरवली, तिच्यावर काढली. तिच्याशिवाय कुणी हाताशी नव्हतं.

पोरांना फाटकाबाहेर झाडाखाली बसवलं आणि सांगितलं. जसं घडलं तसं. पंजे खरे होते, मास्तर खरं बोलत होते, चूक माझी. कुणी रडलं, कुणी नाही. सुरय्यानं फक्त विचारलं, "बत्ताशीला पण नेईल?"

शुक्रवार, ११ मे

निमसे वकिलांकडे गेले. नवी जाळी पाहिजे, आजच पाहिजे, आणि रात्रीचा राखणदार. पहिला राखणदार खडी फोडायला दुष्काळी कामावर गेला तो परतलाच नाही.

वकील पेपर वाचत होते. "लांडगा कशावरून?"

मापं सांगितली.

"कुत्रं असेल हो. भिंगारच्या खाटिकआळीतली कुत्री बघितलीत का? वासरासारखी असतात."

"कुत्रं नाही. मी मोजलंय."

"बाई, सोमवारी तुम्हीच इथे बसून सांगितलंत की ठसे बनावट आहेत. मी त्या गरीब मास्तरला काढलं. आज म्हणता खरे आहेत. समितीनं करायचं काय?" मग पेपर खाली ठेवून, मला समजावल्यासारखं — "आणि धरून चाला की लांडगा आहे. लांडगा माळावर असायचाच. बिबट्या असता तर गोष्ट वेगळी होती. पोरांच्या जिवाचा प्रश्न आला असता. मग मी कलेक्टर कचेरीपासून सगळ्यांना हलवलं असतं. कुत्र्याकोल्ह्यासाठी जाळी कोण देणार? पावसाळ्यानंतर बघू."

पावसाळ्यानंतर! लांडग्याला तोपर्यंत उपास धरायला सांगू का?

मी उठले. बाहेर येऊन चपलेत पाय सरकवले. खरं बोलले तर कुत्रं, खोटं बोलले असते तर कलेक्टर. याला समिती म्हणायचं.

दुपारी मालनबाई आणि मी बाभळीच्या फांद्या तोडून भगदाडावर रचल्या. दोघींचे हात सोलवटले.

शनिवार, १२ मे

काटेरी फांद्या सकाळी गायब. लांडग्यानं नाही, माणसांनी नेल्या. जळणाला. कुणाला बोलणार? ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला मी पाडसाची गोष्ट सांगू?

मग बत्ताशीला आणि तिच्या आईला ऑफिसच्या खोलीत कोंडायचं ठरवलं. कुंपणाच्या तोंडाशी चादरी धरून, हाकलत हाकलत आत घातलं. हरणी भिंतीवर धडका द्यायला लागली. तोंडातून रक्त. दार उघडून परत सोडावं लागलं. मालनबाई म्हणाली, "ही रानाची जात, बाई, भिंतीत मरंल." मलाही ते दिसतच होतं.

शेवटी संध्याकाळी कोतकरांच्या घरी. भिंगारात, वेशीच्या आतल्या बोळात. पाहुणेबिहुणे कुणी नव्हते. मास्तर ओट्यावर बसून एका दुकानाची पाटी रंगवत होते. मला बघून उठले, ब्रश तसाच हातात. मी म्हटलं, "तुम्ही खरं बोलत होतात." माफी मागते असं म्हणायचं घरून ठरवून गेले होते, ते राहिलंच. मग रागानं म्हटलं, "तर शिबिरात परत या."

"समितीनं काढलंय."

"रेवडी गेली."

ब्रश खाली ठेवला.  मग चहा सांगितला. दूध नव्हतं, कोराच आला. जाळीचं, वकिलांचं, काट्यांचं, सगळं सांगितलं. मास्तरांना बिबट्याबद्दलचं वकिलांचं वाक्य ऐकून हसू आलं, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"म्हणजे मी खोटा बिबट्या काढला तर मला हाकललं," ते म्हणाले, "आणि खरा लांडगा आला तर जाळी नाही."

"हाकलायला मीच लावलं," मी म्हटलं. ते एकदाचं तोंडातून निघालं.

मास्तरांनी कप माझ्यापुढे सरकवला. "प्या. कडू आहे, पण गरम आहे."

रविवार, १३ मे

सुट्टी असून गेले. मालनबाईनं आधीच बघितलं होतं. पंजे रात्री परत आलेत, भगदाडाच्या तोंडापर्यंत. काल पोरांनी घरून आणून लावलेले पत्र्याचे तुकडे, फुटकी पाटी, एक मोडकी खाटेची चौकट — सगळं एका बाजूला ढकललेलं. अर्धवट राहिलं, कारण उजाडलं असावं. आज रात्री पूर्ण होईल.

बत्ताशी आईच्या पायात उभी होती. तिचे कान माझ्याकडे वळलेले. मालनबाई म्हणाली, "तुमाला वळखती आता." मला नको होतं ते ऐकायला.

मालनबाई म्हणाली, आजची रात मी आणि माझा नवरा कंदील घेऊन बसतो, पण रोज न्हाई जमायचं, त्याला उद्या दुष्काळी कामावर हाजरीला जायचंय. बसते म्हणाली तेवढंच फार झालं. मी तिला पुढं काय म्हणणार?

घरी येताना वाटेत वकिलांची जीप दिसली. हात करून हसले. कमरेच्या किल्लीवर मूठ आवळली गेली, तिचं टोक रुतलं.

सोमवार, १४ मे

आज थोडक्यात लिहिते. हात दुखतोय.

पोरं यायच्या आधी पोचले. सात वाजता हौदाजवळ बिबट्याचा पंजा सापडला. मोठा, ताटलीएवढा. एक हौदाशी, एक भगदाडाशी, एक ऑफिसच्या पायरीशी — पोरं जिथे चपला काढतात तिथे. मालनबाईला वकिलांकडे पळवलं. अर्ध्या तासात जीप. वकील वाकून बघताना त्यांचं धोतर चिखलात गेलं, त्यांना कळलंसुद्धा नाही.

"बाई, तो मास्तरचा ठसा—"

"माझ्या पेटीत आहे. कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे." दाखवली. प्रत्येक शब्द खरा होता.

"तुम्ही म्हणता म्हणजे..." म्हणत त्यांनी घाम पुसला. पोरांना ऑफिसच्या खोलीत बसवलं. दहा वाजता फोन झाले, दुपारी ट्रकमधून जाड जाळी आली, सोबत लोखंडी खांब आणि चार माणसं. पाच वाजता बाळंतिणीची खोली जमिनीत दोन हात खोलपर्यंत बंद. रात्रीला दोन राखणदार, समितीच्या खर्चानं.

खिडकीतून पंजा बघून सुरय्या म्हणाली, "बाई, नखं नाहीत."

"नसतात," मी म्हटलं. "बिबट्या नखं आत घेऊन चालतो. शिकवलं होतं ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मागे वळून पोरांना सांगितलं, "बाई सांगतात, बिबट्याच आहे."

मंगळवार, १५ मे

पंजा पारखायला वकिलांनी स्वतः जीप पाठवून कोतकर मास्तरांना आणलं. मास्तर पायरीशी गुडघ्यावर बसले. बोटानं कड चाचपली. सगळी समिती श्वास धरून उभी. "बिबट्याच," ते म्हणाले. "नर असावा. जाळी काढू नका."

उठताना माझ्या शेजारी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, सागवानाला चिखल तसाच ठेवू नका, तडा जातो."

पेटीतला ठसा घरी आणून धुतला, पुसला, खोबरेल लावून ठेवलाय.